हातातली काठी, घरातले तेल

तुवाच्या पवित्र खोऱ्यात हजरत मूसा अलैहिस्सलाम यांना अल्लाहने जो पहिला प्रश्न विचारला, तो त्यांच्या उजव्या हातातल्या वस्तूविषयी होता. सूरह ताहामधला हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी मदरशात किंवा घरी ऐकलेला असतो. मूसांच्या हातात काय आहे हे सर्वज्ञ अल्लाहला ठाऊक नव्हते, असे तर नाही. तरीही त्याने विचारले. मूसांनीही नुसते ‘काठी’ म्हणून उत्तर संपवले नाही. तिच्यावर टेकता येते, शेळ्यामेंढ्यांसाठी पाला झोडपता येतो, आणखीही काही कामांना ती उपयोगी पडते, असे सगळे त्यांनी सांगून टाकले. मुफस्सिरांनी यावर फार गोड खुलासा केला आहे. अल्लाहशी बोलण्याची संधी मिळाली होती, ती लवकर संपू नये म्हणून मूसांनी उत्तर लांबवले, असे ते म्हणतात.

यहुद्यांच्या तौरातमध्ये हाच प्रसंग ‘निर्गम’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आहे. तिथे उत्तर एका शब्दाचे आहे. काठीला हिब्रूत ‘मट्टे’ म्हणतात, तेवढेच मूसा सांगतात. पण त्याच अध्यायात पुढे एक बारकावा सापडतो. मूसा मिसरकडे जायला निघतात, बायकोमुलांना गाढवावर बसवतात आणि काठी हातात घेतात. आता मात्र ग्रंथ तिला देवाची काठी म्हणतो. लाकूड तेच आणि धरणारा हातही धनगराचाच. चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनरांच्या रांगा थोपवून मेंढरे पलीकडे नेणारा धनगर आजही दिसतो. त्याच्या खांद्यावरची काठी पाहिली की ग्रंथातली काठी कशी असेल याची कल्पना करायला चित्राची गरज उरत नाही.

आज उपलब्ध असलेल्या तौरातच्या पाठाविषयी आपल्या आलिमांची जी मते आहेत ती आम्हाला माहीत आहेत. तो वाद इथे काढण्याचे कारण नाही. आम्हाला या जुन्या हिब्रू ग्रंथांतली एकच गोष्ट वाचकांपुढे ठेवायची आहे. तिथले चमत्कार पुष्कळदा घरातल्या, शेतातल्या, रोजच्या वापरातल्या वस्तूंतून घडतात. मारा नावाच्या ठिकाणचे कडू पाणी एका लाकडाने गोड होते. यरीहोच्या झऱ्याचे नासलेले पाणी नव्या वाडग्यातल्या मिठाने सुधारते. विषारी रानफळांची आमटी मूठभर पिठाने खाण्याजोगी होते. समुद्र दुभंगला तो सुद्धा रात्रभर वाहिलेल्या पूर्वेच्या वाऱ्याने, असे ‘निर्गम’ सांगतो. नामान हा अरामचा मोठा सेनापती, त्याला कोड होते. त्याला सांगितले गेले की यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. त्याला राग आला. आपल्या दमास्कसच्या नद्या काय वाईट आहेत, असे तो म्हणाला. शेवटी त्याच्या चाकरांनी त्याची समजूत काढली. त्याला या दारापर्यंत आणणारी तर एक पकडून आणलेली गुलाम पोर होती.

हिब्रूत अशा घटनेला ‘ओत’ म्हणतात, म्हणजे खूण, निशाणी. आपला ‘आयत’ हा शब्द याच मुळाचा आहे. दोन्ही भाषा एका कुळातल्या, म्हणून शब्दही सख्खे. कुरआन शरीफमध्ये पाऊस ही आयत आहे, रात्र आणि दिवस या आयती आहेत, मधमाशीच्या पोटातून निघणाऱ्या पेयात आयत आहे. नेहमीचे आणि अघटित यांच्यामध्ये आपण जी भिंत घालतो, ती या दोन्ही भाषांच्या मूळ शब्दात नाही.

आता ज्या दोन पैगंबरांच्या नावावर असे घरगुती चमत्कार सर्वांत जास्त आहेत, त्यांच्याकडे येऊ. बायबलच्या मराठी भाषांतरांत त्यांना एलीया आणि अलीशा म्हटले आहे. कुरआनात ते हजरत इलियास आणि हजरत अल-यसा आहेत. कुरआनात त्यांचे उल्लेख थोडक्यात येतात. हिब्रू ‘राजे’ या ग्रंथात मात्र त्यांच्या कथा अध्यायच्या अध्याय चालतात. काळ इसवी सनापूर्वी नवव्या शतकाचा, इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याचा. तिथला राजा अहाब हा काही कथेतला राजा नव्हे. असिरियाच्या शाल्मनेसेर तिसरा या सम्राटाच्या शिलालेखात, इ. स. पूर्व ८५३ च्या लढाईच्या वर्णनात त्याचे नाव कोरलेले आहे. रथ, हस्तिदंती महाल, लढाया, करार असा तो काळ होता. राज्य वाढत होते आणि गावातला माणूस कर्जात जात होता. कर्जाची बाब आम्ही उगाच घुसवत नाही, ती कथेतच आहे.

पैगंबरांच्या शिष्यमंडळातला एक माणूस मरण पावतो. त्याची विधवा अल-यसांकडे येते आणि सांगते की सावकार दारात उभा आहे, तो माझ्या दोन्ही मुलांना गुलाम करून नेणार आहे. अल-यसा तिला विचारतात की घरात काय आहे. मूसांना विचारला गेलेला प्रश्नच पुन्हा, फक्त हाताच्या जागी घर. तिच्याकडे तेलाच्या एका बुधल्याशिवाय काही नसते. ते तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतात, आणि थोडीथोडकी आणू नकोस असेही बजावतात. ती दार लावून घेते. मुले एकेक भांडे पुढे करतात, ती ओतत राहते. भांडी संपतात तेव्हा तेल थांबते. मग ती पुन्हा विचारायला जाते. तेल विकून कर्ज फेड आणि उरेल त्यावर मुलांसह गुजराण कर, असे तिला सांगितले जाते. कथा इथेच संपते.

आम्ही ही कथा जितक्या वेळा वाचली तितक्या वेळा तिच्या हिशेबीपणाने चकित झालो. सावकारावर वीज पडत नाही. कर्जखत जळत नाही. तेल बाजारात जाते, त्याचे पैसे होतात, मुद्दल फिटते. चमत्काराचे माप ठरते ते शेजाऱ्यांकडून मिळालेल्या भांड्यांवर. ज्या बाईला वस्तीत कोणी भांडे दिले नसते तिचे तेल बुधल्यातच राहिले असते. पिंपरीच्या, नेहरूनगरच्या, चिखलीच्या वस्त्यांत ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना यात वेगळे काही समजावून सांगायला नको. लग्नाच्या घरात पातेली सात घरांतून येतात आणि मयताच्या घरात चहाची किटली शेजारून येते.

त्या समाजात कर्जाविषयी कायदे नव्हते असे नाही. तौरातमध्ये गरिबाकडून व्याज घेण्याची मनाई आहे. गहाण ठेवलेले पांघरूण सूर्य मावळण्याआधी परत करावे लागे, कारण रात्री त्याला दुसरे काही नसते. जाते तर गहाण घ्यायचेच नाही, अगदी त्याची वरची तळी सुद्धा नाही, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे. दर सातव्या वर्षी देणे माफ करण्याची तरतूद होती. एवढे असूनही सावकार दारात उभा होता. नहेम्याच्या पुस्तकात, म्हणजे आणखी चारशे वर्षांनी, लोक शेते आणि द्राक्षमळे गहाण टाकून धान्य आणत आहेत आणि मुलेमुली गुलामीत देत आहेत. कायदा ग्रंथात आणि तगादा दारात, हे दृश्य जुनेच आहे.

कुरआनने सूरह बकरात अडचणीत सापडलेल्या कर्जदाराला सवड देण्याचा हुकूम केला आणि माफ करणे त्याहून चांगले ठरवले. हदीसमध्ये आणखी एक कठोर प्रसंग येतो. ज्याच्या डोक्यावर देणे आहे अशा माणसाच्या जनाज्याची नमाज पढवायला पैगंबर साहेब थांबले आणि एका सहाबीने ते देणे आपल्या अंगावर घेतल्यावरच त्यांनी नमाज पढवली. देणेकऱ्याला सवड द्यायची आणि देणे मात्र विसरायचे नाही, असा हा दुहेरी हिशेब आहे. विधवेच्या तेलाची कथा त्याच हिशेबात बसते.

अल-यसांची दुसरी कथा लोखंडाची आहे. भोसरी-चाकणच्या वाचकाने ती मुद्दाम वाचावी. शिष्यांना राहायची जागा अपुरी पडू लागली म्हणून सगळे यार्देनकाठी लाकडे तोडायला गेले. एकाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून नदीत पडले. तो ओरडला, आणि काय म्हणून ओरडला? पाते मागून आणलेले होते म्हणून. इथे हिब्रूत ‘शाऊल’ हा शब्द आहे. आपल्या ‘सवाल’, ‘साइल’ या शब्दांचे मूळ तेच. अल-यसांनी पाते नेमके कुठे पडले ते विचारले, एक काटकी तोडून तिथे टाकली आणि लोखंड वर तरंगले. उचलायचे काम मात्र त्यालाच सांगितले. त्याने हात लांब केला आणि पाते घेतले.

या कथेवर पुष्कळांनी नाक मुरडले आहे. एवढा मोठा पैगंबर आणि चमत्कार कशाचा, तर हरवलेल्या कुऱ्हाडीचा! पण लोखंड त्या काळी काय होते ते पाहावे. त्याआधी दीड-दोनशे वर्षांपूर्वीची हकीगत ‘शमुवेल’ या ग्रंथात आहे. तेव्हा इस्राएलांत लोहारच नव्हता. फाळ आणि कुऱ्हाडी पाजवायला सुद्धा शत्रूच्या, पलिष्ट्यांच्या मुलखात जावे लागे. नवव्या शतकातही लोखंडी पाते ही कफल्लक विद्यार्थ्याच्या ऐपतीबाहेरची वस्तू असणार. शिवाय मागून आणलेली वस्तू मालकाच्या पाठीमागे खराब झाली तर भरपाई द्यावी लागेल, असे तौरातचे कलम होते. म्हणजे तो तरुण जे ओरडला ते नव्या कर्जाच्या भीतीने. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाल्यानंतर पिंपरी-भोसरीच्या माळावर लोखंड कापणारे, तापवणारे, ठोकणारे कारखाने ओळीने उभे राहिले. तिथे कंत्राटी कामगाराच्या हातून मायक्रोमीटर पडला की पहिला विचार त्याच्या मनात कोणता येतो, हे कोणत्याही शॉप फ्लोअरवर विचारून पाहावे. कुदळवाडीत, जिथे अख्ख्या पट्ट्यातले भंगार लोखंड येऊन पडत असे, तिथली हजारो शेड फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली गेली. शेड पडले तरी शेडवर काढलेले कर्ज पडत नाही.

पाण्यावर तरंगण्याची गोष्ट निघाली की या पट्ट्यातला माणूस यार्देन विसरून इंद्रायणीकडे वळतो. लोणावळ्याकडून येणारी ही नदी देहू, मोशी, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. आज आळंदीत घाटावर कधी कधी पांढऱ्या फेसाचे डोंगर दिसतात आणि वारकऱ्याला त्यातच हात जोडावे लागतात, पण तो विषय निराळा. तुकोबांच्या वह्या या नदीच्या डोहात बुडवल्या गेल्या. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी तसे करायला लावले आणि तेरा दिवसांच्या उपोषणानंतर त्या कोरड्या वर आल्या, अशी कथा आहे. तुकोबांच्या स्वतःच्या अभंगांत या प्रसंगाचा उल्लेख येतो. पुढे महिपतींनी १७६२ च्या ‘भक्तविजय’ आणि १७७४ च्या ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथांतून ती घरोघर पोहोचवली. वह्या लोकांच्या तोंडी होत्या, म्हणून त्या बुडू शकल्या नाहीत, असा अर्थ लावणारेही आहेत. तो अर्थ आम्हाला पटतो, आणि तो लावल्याने कथा लहान होते असेही वाटत नाही.

परंतु इंद्रायणीत तुकोबांचे कागद दोनदा गेले होते, हे सहसा एकत्र सांगितले जात नाही. १६३० ते १६३२ च्या भयंकर दुष्काळात तुकोबांचे दुकान बसले. पहिली बायको आणि मुलगा गेला. घराणे वाणसौद्याचे आणि सावकारीचे, म्हणून लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते घरात होती. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची अर्धी खते त्यांनी त्याला देऊन टाकली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. ते कागद वर आले नाहीत. ते यावेत म्हणून कोणी उपोषणही केले नाही. एकाच नदीने, एकाच माणसाचे, एकदा कर्जाचे कागद ठेवून घेतले आणि एकदा कवितेचे कागद परत दिले. सूरह बकराने कर्ज माफ करणे हे सवड देण्याहूनही चांगले ठरवले आहे. देहूच्या या सावकाराने ते न वाचता केले.

याच जिल्ह्यात कागदांची आणखी एक हकीगत घडली, पण ती चमत्काराची नव्हे. १२ मे १८७५ रोजी सुपे या बाजारगावी शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांतून खतपत्रे काढून त्यांनी ती जाळली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत हे लोण गेले. बहुतेक ठिकाणी लोकांना माणसांचा जीव नको होता, कागद हवे होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. खतावर जो आकडा आहे त्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता ते तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. देणेदार बुडवतात तेव्हा तो दंगा ठरतो आणि येणेदार बुडवतो तेव्हा त्याला संत म्हणतात, हा फरक मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सुप्यातल्या त्या आगीच्या एक वर्ष आधी, १८७४ मध्ये, पुण्यात एक पुस्तक छापले गेले. बेने इस्राएल समाजाच्या वल्हांडण सणाला रात्री जेवणाच्या वेळी वाचायची ‘हग्गादा’, हिब्रूसोबत मराठी भाषांतर असलेली. मिसरच्या गुलामीतून सुटकेची, मूसांच्या काठीची, दुभंगलेल्या समुद्राची कथा त्या रात्री घरात वाचली जाते. या पुण्याच्या प्रतीत बेखमीर भाकरी करण्याचे चित्र आहे आणि त्यात लुगडी नेसलेल्या बायका पीठ मळताना, भाकरी भाजताना दिसतात. मिसरची सुटका महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात येऊन बसली ती अशी. पुणे कॅम्पातले लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग १८६७ चे. ते बगदादी यहुदी डेव्हिड ससून यांच्या देणगीचे. रास्ता पेठेतले सुक्कथ श्लोमो १९२१ चे, ते बेने इस्राएलांचे, म्हणजे मराठी बोलणाऱ्यांचे.

बेने इस्राएल कोकणातले. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून सात जोडपी वाचली, असे त्यांची परंपरा सांगते. गावाने त्यांना नाव दिले शनवार तेली, कारण ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. तेल काढणाऱ्या या लोकांनी सर्व पैगंबरांत सर्वाधिक जीव लावला तो एलियाहू हन्नबीला, म्हणजे आपल्या हजरत इलियासांना. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर एलियाहूंच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, असे ते मानतात. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात जाताना ते एलियाहूंच्या नावाने मलिदा करतात. आपला मलिदा चपाती कुस्करून, तूप-गूळ घालून होतो. त्यांचा भिजवलेल्या पोह्यांचा, खोबरे आणि साखर घातलेला, सोबत फळे. नाव एकच, वाटीत पदार्थ वेगळा. बहुतेक कुटुंबे आता इस्राएलमध्ये आहेत, पण मलिदा तिथेही होतो.

इलियासांची पिठातेलाची कथाही सांगायला हवी, कारण ती पुढे देहूत उपयोगी पडणार आहे. दुष्काळात ते सारफथ गावच्या वेशीपाशी पोहोचतात. एक विधवा काटक्या वेचत असते. ते पाणी मागतात, मग भाकरी मागतात. ती सांगते की मडक्यात मूठभर पीठ आणि बुधल्यात थोडे तेल आहे, ते शिजवून मी आणि माझा मुलगा खाऊ आणि मग मरू. तिने आधी पाहुण्याला भाकरी दिली. पाऊस पडेपर्यंत मडक्यातले पीठ आणि बुधल्यातले तेल संपले नाही. सारफथ हे सीदोनकडचे गाव, म्हणजे ही बाई इस्राएली नव्हती, दुसऱ्या धर्माची होती.

आता देहू. अनगडशहा नावाचे एक फकीर तुकोबांच्या काळात होऊन गेले. त्यांचा एक कटोरा होता. दारोदार जाऊन ते भिक्षा मागत आणि कितीही घातले तरी तो भरत नसे. फिरत फिरत ते तुकोबांच्या दारी आले. घरात काय असणार? तुकोबांच्या लेकीने चिमूटभर पीठ घातले आणि कटोरा भरून सांडू लागला. महाराष्ट्रातल्या कथाकाराने ही कथा रचताना सारफथची विधवा वाचली होती असे मानायला आधार नाही, आणि तशी गरजही नाही. दुष्काळ, रिकामे मडके, दारात आलेला परका आणि देणारी बाईमाणूस एवढे साहित्य कोणत्याही मुलखात असते. सारफथला मडके संपत नाही आणि देहूला कटोरा भरतो. दोन्हीकडे दुसऱ्या धर्माच्या माणसाचा हात आहे. तिकडे घर परक्या धर्माचे, इकडे मागणारा परक्या धर्माचा.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की हे सगळे तुम्ही चमत्कारांच्या बाजूने लिहिता आहात. हिब्रू ग्रंथ स्वतःच दुसरी बाजूही सांगतो. शूनेम गावच्या बाईचा मुलगा दगावला तेव्हा अल-यसांनी आपला चाकर गेहजी याला आपली काठी देऊन पुढे पाठवले. ती मुलाच्या तोंडावर ठेव म्हणून सांगितले. गेहजीने ठेवली. काहीही झाले नाही, ना आवाज ना हालचाल. काठी तीच, पैगंबरांची. पुढे अल-यसा स्वतः गेले, दार लावून त्यांनी दुआ केली, तेव्हा मूल उठले. हाच गेहजी नंतर कोड बरे झालेल्या नामानाच्या रथामागे धावला आणि मालकाच्या नावाने खोटे बोलून चांदी आणि कपडे घेऊन आला. नामानाचे कोड त्याला चिकटले. पैगंबरांनी जे फुकट दिले त्याचे पैसे चाकराने उकळले, याची इतकी स्पष्ट नोंद धर्मग्रंथात असावी हे त्या ग्रंथाच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. आपल्या पट्ट्यात कारखान्यांच्या फाटकांबाहेर, विजेच्या खांबांवर, नोकरी, व्यसन, कर्जमुक्ती, सौतन यांवर खात्रीचा इलाज करणाऱ्या बाबा-मियांच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात. त्यांत आपल्यातली नावेही कमी नाहीत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. गेहजीचे दुकान मात्र बंद झालेले नाही.

आणखी एक नोंद राजा हिज्कीयाची. मूसांनी रानात पितळेचा साप करून खांबावर टांगला होता. साप चावलेल्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि ते वाचले. काही शतकांनी लोक त्याच सापाला धूप जाळू लागले. हिज्कीयाने तो फोडून टाकला. मूसांच्या हातची वस्तू, तरीही फोडली. हजरत उमर रजियल्लाहु अन्हु यांनी हजरे अस्वदला चुंबताना त्याला उद्देशून सांगितले होते की तू दगड आहेस, तुझ्या हाती ना नफा ना नुकसान, पैगंबर साहेबांनी चुंबले म्हणून मी चुंबतो. कुरैशांनी पैगंबर साहेबांकडे झरे, बागा, सोन्याचे घर मागितले, तेव्हा सूरह बनी इस्राईलमध्ये उत्तर आले ते हेच की मी फक्त एक माणूस आणि रसूल आहे. याच हिज्कीयाच्या जिवावर आलेले गळू अंजिरांचा लेप लावून बरे झाले. तो लेप पैगंबर यशायांनी सांगितला होता. दुआही झाली आणि औषधही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. त्याने बुरशीपासून पेनिसिलिन काढले आणि अंजिराच्या लेपाने न फुटणारी गळवे बरी केली. बुरशी म्हणजे शिळ्या भाकरीवर येते त्याच जातीची.

हे सगळे हिब्रूतून मराठीत कसे आले, याची नोंद केल्याशिवाय थांबता येत नाही. एकोणिसाव्या शतकापासून मिशनऱ्यांची भाषांतरे होती. पण पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ पाठ समोर ठेवून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली पुस्तक छापून झाले. रमाबाई १८८२ पासून विधवा होत्या. केडगावच्या मुक्तीसदनात त्यांनी १८९६-९७ च्या दुष्काळात गोळा करून आणलेल्या मुली आणि टाकून दिलेल्या विधवा राहत होत्या. तेलाच्या बुधल्याची कथा, सावकार दारात आहे असे सांगणाऱ्या बाईची कथा, या घरात एका विधवेने मराठीत लिहिली. भाषांतर करताना तिने कोणत्या ओळीवर लेखणी थांबवली असेल, असा विचार आमच्या मनात येतो.

अनगडशहांचा दर्गा देहूच्या वेशीजवळ आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. दर वर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखीचे प्रस्थान होते. ती देहूतून निघते, तेव्हा पहिला विसावा या दर्ग्यापाशी होतो आणि तिथे पहिली अभंग-आरती होते. तिथून ती निगडीमार्गे आकुर्डीला मुक्कामाला जाते. त्या दिवशी जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर कारखान्यांची पाळी सुटलेली माणसे कडेला उभी असतात आणि कोणी केळी, कोणी पाणी, कोणी चुरमुरे वाटत असते.